शिवलेली वही

दुपारी जेवून आडवं झालेल्या माणसाची झोप हा पुरावा होऊ शकतो का, यावरून गेल्या चैत्रात पाथर्डीच्या कोर्टात दोन वकील तीन तारखा भांडले. हसू नका. दोघंही अगदी गंभीर होते.

त्याचं असं झालं. तिसगावच्या पुढं, डोंगराच्या अंगाला गहिनीनाथ नावाचा म्हातारा पाणाड्या राहतो. जमिनीखालचं पाणी सांगणारे पाणाडे तसे पुष्कळ असतात. कुणी तळहातावर नारळ उभा करतो, कुणी कडुलिंबाची बेचकी धरून रानभर हिंडतो. गहिनीनाथबाबाचं तसलं काही नाही. बाबा भर दुपारी रानात जातो, डोक्याचा पटका उशाला घेतो, उजवा कान जमिनीला लावतो आणि सरळ झोपतो. झोपेत जे दिसेल ते उठल्या उठल्या वहीत लिहितो. चौथी शिकलेला माणूस, अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग. पण चाळीस वर्षांत एक नोंद चुकली नाही, आणि वहीही तीच, लाल कापडी बांधणीची, उशीएवढी जाड.

त्याचे नेम दोन. पाणी विचारायला रानाच्या धन्यानं स्वतः यावं, आणि एकाच्या रानातलं दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये. स्वप्नाचं काय सांगावं, पाणी बघायला जावं तर भलतंच दिसतं. कुणाची सून बांधावर रडून गेलेली असते, कुणी कुठं काही पुरलेलं असतं. जमिनीला कान लावला की घरातलंही ऐकू येतं, असं बाबा म्हणायचा. म्हणून वहीला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या बायकोनंसुद्धा कधी लावला नव्हता.

आता दावा. आप्पासाहेब आणि राधाकृष्ण हे सख्खे भाऊ. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या वाटण्या झाल्या. थोरल्या आप्पासाहेबानं काळी जमीन धाकट्याला दिली आणि खडकाळ तुकडा स्वतःकडं ठेवला. भाऊ असावा तर असा, म्हणून गावानं तोंडभरून कौतुक केलं. दोन वर्षांनी त्याच खडकात बोअर घेतली तर पाण्याचा फवारा कडुलिंबाच्या वर गेला. खडकावर डाळिंबाची बाग डोलायला लागली आणि इकडं धाकट्याची काळी जमीन भेगाळत बसली. मग राधाकृष्णाच्या मनात पाल चुकचुकली. थोरल्याला आधीच माहीत असणार, पाणाड्यानं सांगितलं असणार, उगाच का कुणी दगड मागून घेतं! झालं, वाटणी फसवून केली, ती मोडा, म्हणून दावा पडला.

गहिनीनाथबाबा साक्षीला आला आणि शपथेवर म्हणाला, मी आप्पासाहेबाला एका शब्दानं सांगितलेलं नाही. राधाकृष्णाचा वकील म्हणाला, नाही ना सांगितलं, मग वही दाखवा. आणि तिथं घोडं पेंड खाऊ लागलं. बाबा वही देईना. आप्पासाहेबाच्या वकिलानं कानाशी लागून समजावलं की अहो, वहीनं आपलंच भलं होणार आहे, तरी देईना. तो न्यायाधीशबाईंपुढं हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, हिच्यात या दोघांचं एकच पान हाय. बाकीची पानं दुसऱ्यांची हाइत. ती द्यायचा मला हक न्हाई."

म्हातारा अडाणी, पण बोलला ते कायद्याला धरून. कारण कागद एकदा दाव्यात दाखल झाला की त्याची नक्कल मागायला लोक मोकळे. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर तीन गावची माणसं याच आशेवर बसलेली होती. बोअर मारणारे दोघं तर सकाळीच गाडी लावून हजर, पाहुण्याच्या लग्नाला आल्यासारखे. वही उघडली असती तर महिन्याभरात सगळ्या शिवारात भोकंच भोकं पडली असती, आणि कुणाकुणाच्या घरातलं झाकलेलं चव्हाट्यावर आलं असतं ते वेगळंच.

न्यायाधीशबाईंनी दोन्ही वकिलांना पुरतं बोलू दिलं आणि मग हुकूम दिला. वही दोन्ही पक्षांपैकी कुणालाही दिसणार नाही. तिसऱ्याच एका वकिलाला कमिशनर नेमायचं, त्यानं बंद खोलीत एकट्यानं वही वाचायची, या जमिनीचं पान शोधायचं, तेवढंच उघडं ठेवायचं आणि बाकी सगळी पानं दोऱ्यानं शिवून वर लाखेची मोहोर करायची. वाचलेलं कुणालाही सांगायचं नाही, घरच्या माणसांनाही नाही, असं लिहून द्यायचं. आणि कमिशनर म्हणून नाव घेतलं ते अश्विनीचं.

अश्विनी लवणवस्तीची. बाप मच्छिंद्र आणि आई लंकाबाई दोघंही ऊसतोडीला जाणारी, आणि त्यांच्या कोयत्यावर शिकून ही तालुक्यातली वकील झालेली. वय एकोणतीस, अंगावरचा काळा कोट अजून नवा दिसायचा. सही करण्याआधी तिनं हुकूम पुन्हा एकदा वाचला, कारण एवढ्या विश्वासाचं काम तिला पहिल्यांदाच मिळत होतं. बाबानं तिच्याकडं बराच वेळ निरखून बघितलं आणि कुणाची पोर म्हणून विचारलं. लवणवस्तीच्या मच्छिंद्राची, असं तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं वही छातीशी धरली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, या कमिशनरला तुमची हरकत आहे का? त्यानं नाही म्हणून मान हलवली. मग वही तिच्या हातात देताना एवढंच म्हणाला, सावकाश वाच, मधी मधी थांबत जा.

आता अश्विनीच्या घरचं थोडं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांचं रान चार एकर, सगळा माळ. विहीर नाही, बोअर नाही. बारा वर्षांमागं, दुष्काळाच्या साली आण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, गहिनीनाथबाबाला बोलावलं होतं, पण इथं पाणी नाही असं सांगून तो निघून गेला होता. तेव्हापासून आण्णांनी आशा सोडली आणि कोयता धरून ठेवला. त्या वर्षी मात्र सोलरची कंपनी माळाची रानं तीस वर्षांसाठी भाड्यानं मागत फिरत होती. आण्णा खूश होते. गुडघे गेलेत, आता फडात जाणं नको, पाट्या ऊन खातील आणि आपण सावलीत बसू, असं ते म्हणायचे. करार अश्विनीच तयार करत होती. पुढच्या शुक्रवारी सह्या.

फक्त लंकाबाईचा नन्ना. का, ते सांगत नव्हती. माझ्या जितेपणी रान झाकायचं नाही, एवढंच. आण्णा चिडायचे, अश्विनी समजवायची, बाई ढिम्म. तिची आणखी एक खोड होती, तिची वस्तीवर सगळे चेष्टा करायचे. बांधाच्या कोपऱ्यात एक बाभळ होती, तिला ही रोज तांब्याभर पाणी घालायची. घरी टँकरचं पाणी, एक बादली दोन दिवस पुरवायची, आणि ही बाभळीला पाणी घालणार! बाभळीला कधी कुणी पाणी घालतं का? ऊसतोडीला गेली की शेजारणीला सांगून जायची. आण्णा म्हणायचे, तुझ्या आईचं गेल्या जन्मीचं देणं आहे.

आणि एक दुःख त्या घरात होतं, जुनं, न बोलता सांभाळलेलं. अश्विनीच्या आधी दोन वर्षं एक मुलगी झाली होती, उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. एक दिवस जगली. आण्णा तेव्हा गाडी घेऊन कारखान्याच्या दारात रांगेत अडकलेले, दोन दिवसांनी परतले तर कोपीत बाळ नव्हतं. कालव्याच्या कडेला मातीआड केलं, असं त्यांच्या आईनं, छबूबाईनं सांगितलं. तेव्हापासून दरवर्षी त्या भागात तोडीला गेले की आण्णा पहिल्या दिवशी कालव्यावर थांबायचे आणि गुळाचा एक खडा काठावर ठेवायचे. लहानपणी अश्विनीनं ते पाहिलं होतं. मुंग्यांना घालतोय, असं ते तिला सांगायचे.

तर वाचन सुरू झालं. कोर्टाच्या मागं जुनी दप्तरं ठेवायची खोली होती. खिडकीबाहेर कडुलिंब मोहरलेला, त्याचा कडसर गोड वास आत भरून राहिलेला. बाहेर ऊन रणरणत होतं आणि पंखा आपल्याच तंद्रीत फिरत होता. तिला वाटलं होतं, गट नंबर बघायचा, पान काढायचं, तासाभरात मोकळं. कसलं काय! बाबाच्या वहीत गट नंबर नव्हताच. धन्याचं नाव नाही, गाव नाही. एकेक झाड, एकेक दगड आणि त्याखाली दिसलेलं स्वप्न. चाळीस वर्षं तो स्वतःसाठी लिहीत होता, आणि त्याला प्रत्येक रान झाडावरून ठाऊक होतं. कोर्ट आपली वही वाचेल हे त्या भल्या माणसाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. भावांच्या जमिनीची एकच खूण दाव्यात नोंदलेली होती, घोड्याच्या खोगिरासारखा एक खडक. बाबाला विचारावं तर हुकूम एकट्यानं वाचायचा, म्हणून तो खडक सापडेपर्यंत पहिल्या पानापासून वाचण्याला इलाज नव्हता.

'कवठाखाली म्हातारी दळीत बसली आहे. जात्यातून पीठ ओलं पडतं. चार परस. सांगितलं.'

परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेल्या माणसाएवढी खोली, एवढं तिला माहीत होतं.

'मोडक्या तालीच्या बांधाशी वऱ्हाड जेवतं आहे. पत्रावळीवर मीठच मीठ. पाणी खारं. सांगितलं.'

'दोन चिंचांमध्ये एक बाई पाठमोरी उभी. केस सुटलेले. तिनं वळून बघितलं नाही. पाणी आहे पण तिचं आहे. सांगितलं नाही.'

वाचता वाचता तिचे डोळे जड व्हायचे. एकेका पानावर एकेक दुपार झोपलेली, आणि पान उलटलं की ती कूस बदलते आहे असं वाटायचं. मधेच तिचं डोकं टेबलाला टेकायचं आणि लाकडाच्या आतून कुठूनतरी दूर पाणी झुळझुळल्याचं ऐकू यायचं. दचकून उठावं तर पंखाच. पहिल्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा टपरीवरच्या लोकांनी डोळे मिचकावून विचारलं, काय वकीलबाई, किती फुटावर आहे? तिनं स्कूटी चालू केली आणि निघाली. रस्त्याच्या दोन्ही अंगाची रानं तिला पहिल्यांदा झोपलेली दिसली, पातळ पांघरूण घेऊन.

दुसऱ्या दिवशी, साधारण दीडच्या सुमाराला, ते पान आलं.

'लवणातली बांधावरची बाभळ. हिला रोज तांब्याभर पाणी मिळतं. बाभळीखाली लहान पोर निजलं आहे. एक दिवसाचं. डोक्याला हिरवं टोपडं. त्याच्या उशाखालून पाणी वाहतं, दोन परसावर, गोड. एवढं गोड पाणी या शिवारात दुसरं नाही. उठलो तर पोराची आई समोर उभी. म्हणाली, बाबा, सांगितलंत तर तिथं खणतील. धन्याला पाणी नाही म्हणून सांगितलं. माझ्या हातून एवढं एक खोटं झालं.'

अश्विनीनं पुन्हा वाचलं. मग वही मिटली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. कडुलिंबाची फुलं उन्हात सावकाश गळत होती, आणि तिला वाटलं आपण अजून टेबलावर डोकं टेकून झोपलोय, हे सगळं स्वप्नात चाललंय. तिनं परत येऊन वही उघडली. पान तिथंच होतं.

आधी आला तो राग. खोटं कशाला सांगू, चांगला भडकला. दोन परसावर पाणी! बारा वर्षं आई-बाप त्यानंतर फडात राबले. आण्णांच्या डाव्या हाताचा अंगठा कोयत्यानं निम्मा गेला, तो त्याच बारा वर्षांत. आईनं डोक्यावर मोळ्या वाहून गुडघ्यांची माती केली, तीही त्याच वर्षांत. पायाखाली गोड पाणी वाहत होतं आणि ही बाई रोज त्यावर एक तांब्या ओतून गप्प बसली! मग तिला तो तांब्या दिसला, पितळी, तळाला चेपलेला. टंचाईच्या वर्षी आई स्वतः तोंड न धुता तो भरून न्यायची. अश्विनी मटकन खुर्चीत बसली आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसत राहिली.

काम तर पुरं करायचंच होतं. सत्तर-ऐंशी पानं पुढं तिला खडक सापडला.

'खोगिराचा खडक. कुणी बोलावलं नव्हतं. जाता जाता डोळा लागला. खडकाखाली बैल पाणी पितो आहे, घटाघटा आवाज येतो. सहा परस. कुणी विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.'

म्हणजे थोरल्यानं दगड घेतले ते निव्वळ मायेनं. पाणी लागलं ते नशिबानं. अहवालात तिनं तेवढं पान जसंच्या तसं उतरवून घेतलं. पण मनातून टोचणी जाईना, म्हणून ती न्यायाधीशबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली की मॅडम, एका पानाशी माझ्या घरचा संबंध आहे, मला आधी माहीत नव्हतं. बाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या पानाचा या दाव्याशी काही संबंध आहे का? नाही, ती म्हणाली.

"मग ते मलाही सांगू नका. शिवून टाका."

शिवायला दाभण आणि जाड दोरा आणला. दोन्ही वकील दाराबाहेर, आत ती आणि वहीचा धनी म्हणून गहिनीनाथबाबा. खडकाचं पान तेवढं सोडून एकेक गठ्ठा करून ती टाके घालत होती. बाभळीचं पान ज्या गठ्ठ्यात होतं तो शिवताना तिचा हात अडखळला. बाबा भिंतीला टेकून अर्धे डोळे मिटून बसला होता. तिनं मान वर न करता विचारलं, बाबा, वही नक्की कुणाची?

"वही माजी. सपान मात्र ज्याच्या रानातलं त्याचं. ज्याचं त्यानंच उघडावं, पोरी. दुसऱ्यानं उघडलं की पानी नासतं."

मग लाख तापली, मोहोर उठली, खोलीभर जळकट वास पसरला. टपरीवरची माणसं हळूहळू पांगली. बोअरवाले तर चहाही न संपवता गेले. राधाकृष्णानं ते उघडं पान वकिलाच्या हातातून दोनदा वाचलं आणि कोर्टाच्या पायरीवर बसून राहिला. दावा त्यानं त्या दिवशी काढून घेतला नाही. माणसाला मान खाली घालायलाही थोडा वेळ लागतो. पण आप्पासाहेब घरी निघाला तेव्हा त्याच्या मोटारसायकलवर मागं धाकटा बसलेला लोकांनी पाहिला.

अश्विनीला मात्र पुढचे चार दिवस जेवण गोड लागलं नाही. शुक्रवारी करारावर सह्या झाल्या की कंपनीचं मशिन येणार, माळ सपाट करणार, पहिली उपटणार ती बाभळ. आईला समजवायला आजवर आपणच पुढं होतो हे आठवून तिला स्वतःची लाज वाटायची. आईला सांगावं, तर लिहून दिलंय. आण्णांना सांगावं, तर गुपित आईचं. भाकरी खाताना ती आईकडं बघायची आणि नजर खाली घालायची. लंकाबाई विचारायची, काय गं, बरं नाही का? ऊन लागलं, ती म्हणायची.

गुरुवारी दुपारी तिनं कंपनीचा नकाशा पुढं ओढला आणि पट्टीनं एक रेघ मारली. चार एकरांतला बांधाकडचा दोन गुंठ्यांचा चौकोन करारातून वगळला. चौकोनात एक बारीक गोल काढला, बाभळीचा. मी कुणाला काही सांगितलेलं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. वकीलच ती, युक्तिवाद सुचायचाच. पुरता पटला नाही, पण रेघही पुसली नाही.

शुक्रवारी कंपनीचा माणूस तीनला यायचा होता. बाराच्या टळटळीत उन्हात छपराखाली आण्णा नकाशा घेऊन बसले, बोट फिरवत फिरवत त्या कोपऱ्यावर आले आणि थांबले. हा कोपरा का सोडला? बाभळीभोवतीचे दोन गुंठे वगळलेत, अश्विनी म्हणाली. का म्हणून? तिनं सांगितलं, ते मला सांगता येत नाही, आण्णा. मग मात्र आण्णांचा पारा चढला. बापाच्या रानाचं बापाला सांगता येत नाही म्हणजे काय, वकील झालीस म्हणून आम्ही काय येडे झालो का, असं बरंच काही बोलले. ती खाली मान घालून ऐकत राहिली.

आवाज ऐकून लंकाबाई चुलीपुढून उठून आली. हाताला भाकरीचं पीठ. तिला अक्षर येत नव्हतं, पण रान येत होतं. ती वाकली, चौकोन बघितला, पिठाचं बोट त्या गोलावर ठेवलं. मग लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"त्या म्हाताऱ्याची वही तूच वाचलीस, व्हय ना?"

"आई, मला काहीच सांगता येत नाही."

"नगं सांगूस. माजं हाय ते. मी सांगते."

आणि ती नवऱ्यापुढं खाली बसली. सांगितलं ते अगदी सावकाश, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. फडावरचे लोक म्हणत होते, पुरा इथंच कालव्याला. पण ती परक्याची जमीन, साल उलटलं की नांगर फिरणार. तिला ते सोसेना. छबूबाईनं सुनेचं मन ओळखलं. दोघी सासवा-सुना त्या मुलीला लुगड्यात गुंडाळून, हिरवं टोपडं घालून, एस. टी.त बसल्या आणि गावाकडं आल्या. कंडक्टर म्हणाला होता, बाळ लई गुणाचं हाय, एवढ्या लांबवर रडलं न्हाई. बाभळीखाली दोघींनी माती दिली आणि दुसऱ्या दिवशी फडावर परत. मुकादमाला कळलं तर बोल लागेल आणि मच्छिंद्राला कळलं तर तो गाडी सोडून गावाकडं धावेल, म्हणून सासूनं शपथ घातली. सासू गेली आणि शपथ तशीच राहिली. मग दुष्काळात बाबा येऊन बाभळीखाली झोपला. पाणी लागलंय हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तिनं पाय धरले.

"तुमचा आंगठा गेला तवा सांगनार हुते," ती म्हणाली. "तोंड उघडलं न्हाई. पन आता कालव्याला गूळ ठिवू नका. ती हितं हाय."

अश्विनीला वाटलं, आता आण्णा ओरडतील. आणि ओरडले असते तरी कुणी त्यांना नावं ठेवली नसती. ते उठले, चप्पल न घालता उन्हात उतरले आणि बांधाच्या दिशेनं चालायला लागले. माळावर झळा लागल्या होत्या, त्यांत ते मधेच विरघळल्यासारखे दिसायचे, मधेच पुन्हा दिसायचे. मायलेकी मागून गेल्या.

बाभळीखाली पिवळ्या फुलांचा सडा होता आणि बुंध्यापाशी सकाळच्या तांब्याची ओल अजून होती. आण्णांनी टोपी काढून उशाला घेतली, कुशीवर वळले आणि उजवा कान जमिनीला लावला. डोळे मिटले. वारा पडलेला, होला कुठंतरी घुमत होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक. अश्विनीला वाटलं, त्यांना झोप लागली.

"पानी खरंच हाय का गं खाली?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"हाय. दोन परसावर. गोड हाय, म्हनले बाबा," लंकाबाई म्हणाली.

त्यांनी अर्ध्या अंगठ्याचा हात त्या ओल्या मातीवर सावकाश फिरवला.

"मंग लई गार झोपली आसंल पोरगी."

लंकाबाई त्यांच्या शेजारी बसली आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.